आजी, हे दुखणं वयाचं नाही

प्रिय आजी,

हे पत्र तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. नात शाळेतून आली की तिला सांग, नाहीतर आशाताई फेरीला आली की तिच्या हातात दे. तुझं नाव मी घातलेलं नाही, कारण हे तुझ्या एकटीचं नाही. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांत दसरा-दिवाळी झाली की ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. घरात उरते ती तुझ्या वयाची बाई, दोन-तीन लेकरं आणि एखादी शेळी. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ते घर तुझ्या जिवावर चालतं. अशा घरांतल्या सगळ्या आज्यांना हे पत्र आहे.

काय दुखतंय असं विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं असतं: "वय झालं, बाई. आता असंच चालायचं." दवाखान्यात तेच सांगतात, लेकही तेच म्हणतो. सगळ्यांनी म्हटल्यावर तुलाही ते पटलेलं आहे. मला ते पटत नाही, म्हणून हे पत्र. तुझ्याच वयाच्या, शहरात नोकरी करून निवृत्त झालेल्या बाया मी रोज बघते. त्या सकाळी तासभर चालतात. त्यांच्या तोंडात दात आहेत, बसवलेले का असेनात. मोतीबिंदू वेळेवर काढलेला आहे, रक्तदाबाची गोळी चुकत नाही. वय त्यांचंही झालंच आहे. तुझ्या हाडांत, छातीत आणि रक्तात वयाशिवाय आणखी काही साठलं आहे, ते म्हणजे जन्मापासूनची गरिबी. ती वयाच्या नावावर खपवली जाते, आणि वयावर औषध नसतं म्हणून तुझ्यावरही कुणी औषध करत नाही.

तुझ्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांची तीच आहे. खरी तारीख कुणालाच माहीत नाही. पण बहात्तरचा दुष्काळ तुला आठवतो. तू परकरी पोर होतीस. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि तू धाकट्याला कडेवर घेऊन तिथेच उन्हात बसायचीस. वाटपाची सुकडी खाल्लीस, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लीस. त्याच कामांतून पुढे महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा झाला आणि नंतर तसाच कायदा साऱ्या देशाने केला, याचा अभिमान आपण मिरवतो. पण हाडं भरायची ती विशीपर्यंत भरतात. त्या वयात तुझ्या ताटात दूध नव्हतं, डाळ नव्हती. आज ओसरीवरून पाय घसरला तर तुझा खुबा मोडेल अशी भीती डॉक्टर घालतात. त्या भीतीची सुरुवात त्या खडीच्या ढिगाजवळ झालेली आहे.

तुला साखर निघाली तेव्हा तू म्हणालीस, "मी कुठं गोडधोड खाते? हा तर श्रीमंताचा आजार." पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की आपल्याकडची बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच हलकी असतात, पण त्यांच्या अंगात कमी असतो तो स्नायू. चरबी त्या मानाने कमी झालेली नसते. वरून हडकुळं दिसणारं असं शरीर पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतं. म्हणजे आईच्या पोटात असताना झालेली उपासमार साठीत साखर होऊन वर येऊ शकते. तुझी आई तुझ्या वेळी काय खात होती, हे तुला विचारलं तर तू हसशील. बाळंत होईपर्यंत ती खुरपायला जात होती, एवढंच तुला ठाऊक आहे.

मग लग्न झालं आणि तुम्ही दोघं मिळून एक कोयता झालात. मुकादमाकडून उचल घेतली आणि पहाटेच्या अंधारात फडात उतरलीस. पोटुशी असताना डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढलीस. पाळी आली तरी खाडा करायची सोय नव्हती, कारण खाड्याचे पैसे कापले जातात. अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं. खासगी दवाखान्यात कुणीतरी सांगितलं, पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. तुझी तिशी नुकती उलटली होती. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पण तो प्रश्न तरुण बायांचा म्हणून मांडला गेला. त्या बाया म्हाताऱ्या झाल्यावर त्यांचं काय होतं, इकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. पिशवीबरोबर अंडाशयं काढली गेली असतील, तर हाडं ठिसूळ व्हायला पाळी जाण्याच्या वयाची वाट पाहावी लागत नाही, ती आधीच झिजू लागतात. तुझं काय काय काढलं, हे तुला कुणी सांगितलं नाही आणि कागदही हातात दिला नाही. चाळिशीतच तुझी कंबर धरायला लागली होती. तेव्हाही तू वयालाच दोष दिला होतास का?

आता तुझ्या ताटाकडे येते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, आणि ते मिळतं म्हणून तुझी चूल पेटते, हे मी नाकारत नाही. पण ते गहू नाहीतर तांदूळ. म्हाताऱ्या शरीराला स्नायू टिकवायला डाळ लागते, अंडं लागतं, दूध लागतं. शेळीचं दूध नातवंडांच्या चहात जातं. अंडं आणलं तर ते धाकट्याचं. तू सगळ्यांच्या मागून जेवतेस, आणि जेवतेस म्हणजे काय, तर भाकरी कोऱ्या चहात बुडवतेस, ती मऊ होईपर्यंत थांबतेस, मग जिभेने टाळूवर दाबून गिळतेस. दात पडून कित्येक वर्षं झाली. शेंगदाणे, हरभरे, कांदा, पेरू यांतलं काही तुला चावत नाही, म्हणजे स्वस्तात मिळणारं चांगलं अन्नही तुझ्यासाठी बंद झालं. कवळी बसवायची तर तालुक्याला चार-पाच खेपा आणि वर पैसे. त्यापेक्षा तू मिश्री लावतेस. हिरड्या बधिर होतात, भूक मरते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू आणि त्याने तोंडाचा कॅन्सर होतो, हे आशाताईने तुला सांगितलं आहे. पण भूक मारायला तुझ्याकडे दुसरं काही नव्हतं, हे तिच्या फॉर्मवर कुठे लिहायची जागा नाही.

रात्री तू पाणी पीत नाहीस. का, ते मला माहीत आहे. अंधारात बाहेर जावं लागतं, आणि संडास असला तरी गुडघे उकिडवं बसू देत नाहीत. उठताना धरायला भिंतीत एक कडी असती तरी चाललं असतं. पाणी कमी प्यायल्याने लघवीची जळजळ होते, उन्हाळ्यात पत्र्याखाली चक्कर येते. गॅसची शेगडी घरात आहे, पण भरलेली टाकी महाग, म्हणून ती पाहुणे आले की पेटते आणि एरवी चूल. त्या धुरात तू पन्नास वर्षं भाकरी थापल्या आहेस. आयुष्यात बिडी ओढली नाहीस तरी छाती बिडी ओढणाऱ्यासारखी वाजते.

हिवाळ्यात उपकेंद्रावर तुझा रक्तदाब मोजला तेव्हा मी तिथे होते. वरचा १९०. सिस्टरने विचारलं, गोळी रोज घेता ना? तू पदराच्या गाठीतून पाकीट काढलंस. त्यातल्या गोळ्या नखाने मधोमध मोडून ठेवलेल्या होत्या. अर्धी आज, अर्धी परवा. "पुरवायला नको का," म्हणालीस. मागच्या खेपेला केंद्रात गोळ्या संपल्या होत्या. पुढच्या आठवड्यात या म्हणाले होते, पण पुढच्या आठवड्यात शेळी व्यायली. आजी, तू निष्काळजी नाहीस. महिनाभर मीठ, तेल, काडेपेटी जशी पुरवतेस तशीच तू गोळीही पुरवत होतीस. पण मीठ पुरवून वापरलं तर चालतं. गोळी पुरवली तर एक दिवस अंगावरून वारं जातं.

ते किती जणांच्या अंगावरून जातं, हे गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने मोजलेलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांची ही संस्था. तिथल्या ८६ गावांत माणसं कशाने मरतात ते घरोघर विचारून पाहिलं, तर पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा. साधारण दर सात मृत्यूंमागे एक, आणि त्यातले बहुतेक घरीच. गडचिरोलीचं गाव काय आणि तुझी वाडी काय, गोळी न मिळण्याची कारणं वेगळी नाहीत.

इथे मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. तू लकव्याने पडलीस तर सरकार तुझ्यासाठी पाच लाखांपर्यंत खर्च करायला तयार आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. चांगलं आहे, ते हवंच. पण हे पैसे तू दवाखान्यात दाखल झाल्यावरचे आहेत. तू दाखल होऊ नयेस म्हणून लागते ती रुपया-दोन रुपयांची गोळी, ती दर महिन्याला तुझ्या वाडीत पोहोचवणारं माणूस, आणि ती आणायला जाण्याचं भाडं. यासाठी तुझ्या हातात काही नाही. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. एसटीत पंचाहत्तरीनंतर तिकीट नाही आणि बायांना अर्धंच आहे. पण एसटी तुझ्या वाडीवर येत नाही. फाट्यापर्यंत चालत जायचं किंवा वडापच्या जीपला पैसे मोजायचे. दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, "सोबत कोण आहे?" सोबत कोण असणार, सगळे फडात आहेत. म्हणून तुझा मोतीबिंदू तिसऱ्या वर्षीही तसाच आहे. शस्त्रक्रिया फुकट होते, गाडी न्यायला येते, सगळं खरं. पण नंतर डोळ्यात थेंब कोण घालणार, पाणी कोण भरणार आणि लेकरांना भाकरी कोण करून घालणार, याचं उत्तर नाही म्हणून तू शिबिराच्या यादीतून नाव काढायला लावलंस.

आणि लेकाला तू काहीच सांगत नाहीस. फोनवर म्हणतेस, "मी बरी हाय, तुम्ही जिवाला जपा." आईचं आजारपण म्हणजे मुकादमाकडून आणखी उचल, हे तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. लेक मध्येच गावी आला तर खाडे पडतात, कर्ज अंगावर राहतं आणि पुढच्या सालीही त्याला त्याच टोळीत जावं लागतं. तुझ्या दुखण्याचा खर्च त्याच्या पुढच्या हंगामातून वसूल होतो. म्हणून तू ताप अंगावर काढतेस. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा पंधरा दिवस कुणाला सांगितलं नाहीस. नातीलाही शपथ घातलीस. म्हातारपणाच्या आजाराविषयी मी पुष्कळ वाचलं आहे, पण लेकाला कर्जातून वाचवण्यासाठी आई आपला आजार दडवते, ही गोष्ट मला त्यात क्वचितच दिसली. ज्या वेळी तू दवाखान्यात पोहोचतेस त्या वेळी फार उशीर झालेला असतो, आणि मग तिथे लिहितात: रुग्ण उशिरा आला.

तुझ्या निराधारच्या पगाराचंही बोलायला हवं. केंद्र सरकार साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसाला महिन्याला २०० रुपये देतं. गेली कित्येक वर्षं तो आकडा हललेला नाही. राज्याने त्यात भर घातली, म्हणून श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासून १,५०० होतात. पण ते मिळायला वय ६५ लागतं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं. म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. रोजगार हमीची २०२४-२५ ची मजुरी २९७ रुपये होती, म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षात सत्तर-एकाहत्तर दिवस काम केलं की कागदोपत्री तू गरीब राहत नाहीस. मग दाखल्यासाठी तलाठी, तहसील, झेरॉक्स. दरवर्षी हयातीचा दाखला. आणि यंत्रावर तुझा अंगठा उठत नाही. कसा उठेल? चाळीस वर्षं कोयत्याची मूठ धरून आणि राखेने भांडी घासून त्यावरच्या रेषा पुसल्या आहेत. दोन महिने पगार अडला तेव्हा पहिली बंद झाली ती गोळी, दुसरं बंद झालं ते नातीचं वहीपेन.

यावर तू म्हणशील, पगार मिळतो हेच पुष्कळ झालं, आपण काय सरकारी नोकरी केली होती? हे मात्र तुझं मी मुळीच ऐकणार नाही. बाबा आढावांनी पुण्यात हमालांची संघटना बांधली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, म्हातारपणी हातात चार पैसे आले. ओझं त्याच्या पाठीवर होतं, तुझ्या डोक्यावर होतं. तुझ्या डोक्यावरून गेलेल्या उसाची साखर राज्यभर खाल्ली गेली, परदेशी गेली. तुला ग्रॅच्युइटी देणारा कोण, हे कुणी ठरवलंच नाही. कारखाना म्हणतो, ती मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेच्या नावाने २०१२ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर म्हाताऱ्या कष्टकऱ्यांना घेऊन ठाण मांडलं होतं. महिन्याला निदान दोन हजार रुपये द्या, अशी मागणी होती. तेव्हाच्या दोन हजारांत जे येत होतं ते आज पंधराशेत येत नाही.

तू भीक मागत नाहीस, आजी. हे तुझे थकलेले पैसे आहेत.

काय करता येईल तेही सांगते, कारण नुसतं हळहळून तुझी गोळी येणार नाही. २०१० मध्ये वृद्धांच्या आरोग्याचा एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस फक्त म्हाताऱ्या माणसांसाठी तपासणी ठेवायची तरतूद आहे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन बघायचं आहे. तुझ्या केंद्रात तो वार कोणता, हे विचारायचा तुला हक्क आहे. रक्तदाबासाठी देशात आणखी एक उपक्रम चालू झाला, महाराष्ट्रातही काही जिल्ह्यांत तो आधी आला. त्याची रीत साधी आहे: ठरलेली औषधं, एका वेळी पूर्ण महिन्याच्या गोळ्या, आणि त्या घराजवळच्या उपकेंद्रातच. ऊसतोडीच्या तालुक्यांत त्यात एकच भर हवी. दिवाळी ते गुढीपाडवा या काळात, घरात करतं माणूस नसताना, गोळ्या उंबऱ्यावर पोहोचल्या पाहिजेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया पट्टा पडल्यावर, एप्रिल-मेमध्ये ठेवल्या पाहिजेत, लेक-सून गावात असताना. कॅलेंडर दवाखान्याचं न धरता तुझ्या घराचं धरायचं, एवढंच. रेशनवर डाळ पाहिजे. कवळीची सोय पाहिजे. अंगठा उठला नाही म्हणून कुणाचा पगार अडता कामा नये.

हे कुणी मागायचं, असं तू विचारशील. तर ऐक. ग्रामसभा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला भरते. पहिल्या तीन वेळा तरणी माणसं गावात असतात, तीच बोलतात, रस्ता आणि सभागृह मागतात. २६ जानेवारीला गावात कोण असतं? तू असतेस, तुझी जाऊ असते, वरच्या आळीतली शांत बसणारी काठीवाली म्हातारी असते. त्या दिवशी गाव म्हणजे तुम्हीच. सभा भरवायला मतदारांच्या शंभरात पंधरा, किंवा नुसती शंभर माणसं, यांत जे कमी असेल तेवढी लागतात, आणि तेवढ्या तुम्ही नक्की आहात. झेंडावंदन झाल्यावर घरी जाऊ नका, तिथेच सतरंजीवर बसा. आशाताईला आणि सिस्टरला बोलवायला सांगा. गोळ्यांचा ठराव लिहून घ्या, तपासणीचा वार लिहून घ्या, पगार अडलेल्यांची नावं लिहून घ्या. ग्रामसेवकाला ठराव वाचून दाखवायला लावा आणि मगच अंगठा द्या. शाईचा अंगठा उठतो.

तोवर एक कर. गोळी मोडू नकोस. संपली तर निरोप धाड.

तुझी,
एक नात